नऊशे साठ चेहऱ्यांचा एक चेहरा

मोझॅक हा शब्द आपल्याला नवा नाही. जुन्या शाळेत, सरकारी दवाखान्यात किंवा एखाद्या क्वार्टरमध्ये ठिपक्या-ठिपक्यांची जी फरशी असते, तिला आपण मोझॅकची फरशी म्हणतो. संगमरवराचे उरलेसुरले बारीक तुकडे सिमेंटमध्ये बसवायचे आणि घासून गुळगुळीत करायचे, की ती फरशी तयार होते. रस्त्यात पडलेला एकटा तुकडा कोणी उचलून घेणार नाही. पण सारे एकत्र आले की त्यांच्यावर पन्नास वर्षे माणसे चालतात.

हेच काम फोटोंचे करता येते. शेकडो लहान फोटो ओळीने अशा रीतीने चिकटवायचे, की जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक फोटो वेगळा दिसावा, आणि पंधरा-वीस पावले मागे सरकले की सगळ्यांचा मिळून एकच मोठा चेहरा दिसावा. याला फोटो मोझॅक म्हणतात. आपल्या वस्तीत, विहारात, महिला मंडळात हे काम कसे करता येईल ते या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी चित्रकार असण्याची गरज नाही. मोजमाप, हिशेब आणि चिकाटी एवढे भांडवल पुरते.

हे आताच का सांगावेसे वाटले, तेही सांगतो. आम्ही कुरखेड्याला कारकुनी करणारी माणसे. रोज टेबलावर अर्ज येतात आणि त्यावर पासपोर्ट फोटो टाचलेला असतो, कधी कधी थेट कपाळावर पिन मारलेली. त्याच माणसाच्या घरी गेलो तर भिंतीवरचा जुना फोटो काचेला चिकटलेला, कडेने उधई लागलेली. आमच्या भागातला पावसाळा जंगलातला. कवेलूच्या छपरातून पाणी झिरपते, ट्रंकेतल्या कागदांना बुरशी धरते. १९५६ च्या ऑक्टोबरात १४ तारखेला नागपूरला आणि १६ तारखेला चंद्रपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्या वेळी जे वीस वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांचे फोटो मोजकेच. फोटोत कोण आहे हे सांगणारी माणसे त्याहून मोजकी. मोझॅकच्या निमित्ताने का होईना, घराघरांतला फोटो बाहेर निघाला, त्याची नक्कल झाली आणि नाव वहीत लागले, तर अर्धे काम तिथेच झाले असे समजावे.

पेपरातला फोटो भिंगाखाली

ही कला समजून घ्यायला घरातला छापील कागद पुरेसा आहे. कोणत्याही वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरा. चेहरा नाहीसा होतो आणि नुसते ठिपके दिसतात. जिथे ठिपके मोठे तिथे काळे, जिथे बारीक तिथे उजळ. १८८० च्या दशकात ही ठिपक्यांची युक्ती छपाईत रुळू लागली आणि त्यानंतर पेपरात फोटो छापणे सोपे झाले. फोटो मोझॅकमध्ये फरक एवढाच, की ठिपक्याच्या जागी एक आख्खा फोटो असतो.

चेहरा ओळखायला डोळ्याला तपशील फार थोडा लागतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील लिऑन हार्मन या संशोधकाने अब्राहम लिंकनचा चेहरा थोड्याशा करड्या चौकोनांत दाखवला आणि १९७३ साली त्यावर लेख लिहिला. जवळून नुसते चौकोन, पण डोळे बारीक करून पाहिले की लिंकन. त्यावरून साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराने १९७६ मध्ये एक मोठे चित्र पुरे केले. जवळून खिडकीत पाठमोरी उभी असलेली बाई दिसते आणि वीस मीटरवरून लिंकन. पुढे १९९० च्या दशकात रॉबर्ट सिल्व्हर्स या अमेरिकन विद्यार्थ्याने छोटे फोटो निवडून जुळवण्याचे काम संगणकाकडे दिले. त्याच्या पद्धतीला २००० साली अमेरिकेत पेटंट मिळाले. तेव्हापासून अशी चित्रे जाहिरातीत, पोस्टरवर सगळीकडे दिसू लागली.

लहान लहान मूर्तींनी भिंत भरून टाकणे ही गोष्ट मात्र आपल्याकडे फार जुनी. अजिंठ्याच्या ७ क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याच्या अलीकडच्या भिंतींवर बुद्धाच्या लहान मूर्तींच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. २ क्रमांकाच्या लेण्यात अशाच ओळी रंगवलेल्या आहेत. त्याला श्रावस्तीची चमत्काराची कथा जोडतात, ती आपण बाजूला ठेवू. कारागिराची शिस्त तेवढी घेऊ. शेकडो प्रतिमा, पण ओळ वाकडी नाही.

बॅनर आणि मोझॅक

कोणी म्हणेल, आमच्याकडे जयंतीच्या बॅनरवर चाळीस फोटो असतातच की! असतात. वडशाच्या झाडीपट्टी नाटकांच्या पोस्टरवरही कलावंतांचे फोटो दाटीवाटीने असतात. पण तो मोझॅक नव्हे, ते नुसते एकत्र चिकटवणे झाले. शिवाय बॅनरवर कोणाचा फोटो केवढा, हे वर्गणी आणि पद पाहून ठरते. अध्यक्ष हातभर, कार्यकर्ते बोटभर, आणि ज्या बायांनी सकाळपासून खीर ढवळली त्यांचा पत्ता नाही.

मोझॅकमध्ये हे चालत नाही. प्रत्येक चौकोन सारख्याच मापाचा लागतो, नाहीतर चित्रच जमत नाही. म्हणून वर्गणी गोळा करण्यापूर्वीच बैठकीत सांगून टाकावे, की पाचशे देणाऱ्याचा आणि काहीच न देणाऱ्याचा फोटो एकाच मापाचा राहील. पुढची भांडणे तिथेच मिटतात.

मोठे चित्र कोणते घ्यावे

मोठ्या चित्रासाठी एकच चेहरा घ्यावा, गट नको. काळे आणि उजळ भाग स्पष्ट असावेत. चष्मा घातलेली बाबासाहेबांची प्रतिमा यासाठी उत्तम, कारण कोट, चष्म्याची काडी आणि केस गडद, कपाळ व शर्टाची कॉलर उजळ. एका बाजूने उजेड पडलेली बुद्धमूर्तीही चांगली. माता रमाईंचे जे थोडे जुने फोटो आहेत ते अस्पष्ट आहेत म्हणून कोणी मागे सरू नये. मोठे चित्र अस्पष्ट असले तरी चालते, कारण त्यातून आपल्याला प्रत्येक चौकोन किती काळा वा किती उजळ एवढेच हवे असते. स्पष्ट हवेत ते लहान फोटो, कारण लोक जवळ जाऊन आपली माणसे तिथेच शोधणार.

हिशेब

आम्ही कॉमर्सवाले, म्हणून आधी हिशेब. पासपोर्ट फोटो साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच असतो. आडवे ३२ आणि उभे ३० फोटो घेतले तर एकूण ९६० होतात. चित्र ११२ सेंटिमीटर रुंद आणि १३५ सेंटिमीटर उंच होईल, म्हणजे साधारण पावणेचार फूट बाय साडेचार फूट. विहाराच्या भिंतीला हे माप शोभते.

चार बाय सहा इंचाच्या एका प्रिंटवर असे ८ फोटो बसतात. म्हणजे १२० प्रिंट लागतील. १२० ला आपल्या गावच्या स्टुडिओच्या दराने गुणा, त्यात प्लायवूड, डिंक आणि वर लावायची काच किंवा प्लॅस्टिक मिळवा, की खर्च निघाला. खोली लहान असेल तर फोटो निम्म्या मापाचे करा. मागे सरकायला जागा कमी असेल तितके चौकोन लहान हवेत.

एवढे फोटो आणायचे कोठून? घरटी आठ धरले तर १२० घरांत ९६० होतात. घरे साठच असतील तर घरटी सोळा. वाटा मात्र प्रत्येक घराला सारखा ठेवावा. आठांत कोण, हे घरच्यांनी ठरवावे, पण एवढे जरूर विचारावे: सून धरली का? म्हातारी धरली का? लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरच्या आठात की सासरच्या, हे तिला विचारून ठरवावे.

फोटो घराबाहेर न्यायचा नाही

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार-पाच जणांनी पुठ्ठ्यावर एक लहान नमुना करून पाहिला. त्यासाठी एका बाबांकडे गेलो. त्यांच्या बायकोचा एकच फोटो जगात शिल्लक, तोही मतदार ओळखपत्रावरचा. १९९३ पासून ही ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. आमच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायांचा आयुष्यातला पहिला फोटो तोच. बाबा म्हणाले, "नेऊ नोका बापू, इथंच पाहा." आम्ही अंगणात खाट टाकली, त्यांच्याच मांडीवर कार्ड ठेवून मोबाईलने फोटो घेतला आणि कार्ड त्यांच्या हातातून बाहेर गेले नाही. तेव्हापासून आमचा हाच नियम आहे. नक्कल घरातच काढायची, मूळ फोटो घराबाहेर न्यायचा नाही.

नक्कल काढताना काही गोष्टी पाळाव्यात. सकाळी किंवा संध्याकाळी सावलीत उजेडाकडे तोंड करून फोटो ठेवावा. फ्लॅश वापरू नये, काचेवर चमक येते. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, वरचा थर काचेलाच राहतो. तो काचेसकट टिपून घ्यावा. फोटोला ओल्या फडक्याने पुसू नये. मतदार कार्ड किंवा आधार कार्डावरून फोटो घेतल्यास फक्त चेहरा कापून घ्यावा. कार्डाचा क्रमांक, पत्ता कोणाच्या मोबाईलमध्ये राहता कामा नये.

सगळ्यांत महत्त्वाची ती वही. तिचे रकाने असे पाडावेत: अनुक्रमांक, नाव, गाव, साल, कोणत्या प्रसंगाचा फोटो, कोणी दाखवला, भिंतीवर लावायला संमती आहे की नाही. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नये. एखादी बाई नवऱ्यापासून वेगळी राहते, एखाद्या घरी नुकतेच दुःख झाले आहे, एखाद्या मुलीला आपला फोटो भिंतीवर नको आहे. कारण विचारत बसू नये. "नाही" लिहावे आणि पुढे जावे.

यंत्र कोणाला निवडते

संगणकावर मोझॅक करून देणारे प्रोग्राम आहेत, काही फुकटही मिळतात. ते काम कसे करतात ते पाहू. मोठ्या चित्राच्या प्रत्येक चौकोनाची सरासरी छटा प्रोग्राम काढतो. प्रत्येक लहान फोटोचीही काढतो. मग त्या चौकोनाशी ज्या फोटोची छटा सर्वांत जवळची, तो फोटो तिथे बसवतो. चांगले प्रोग्राम चौकोनाचेही आणखी भाग पाडून जुळवतात, म्हणजे नाकाची कड, ओठाची रेघ नीट येते.

यात एक मेख आहे. प्रोग्रामला चित्र जमवायचे असते, वस्तीचा मान राखायचा नसतो. जो फोटो पुष्कळ चौकोनांशी जुळतो तो चाळीस वेळा येतो, आणि जो कोठेच नीट जुळत नाही तो एकदाही येत नाही. चित्र सुरेख दिसते. पण एखादी आजी नातवाचा हात धरून येईल, शोधत राहील आणि तिच्या घरातले कोणीच सापडणार नाही. आपल्या माणसांना गाळले जाण्याची सवय पुष्कळ झाली आहे. निदान आपणच केलेल्या चित्रात तरी ते नको.

म्हणून संगणकावर काम करणाऱ्या मुलाला दोन गोष्टी सांगाव्यात. एक, एकही फोटो दुसऱ्यांदा वापरायचा नाही. दोन, फोटोवर रंग चढवण्याची सोय असते ती अगदी बेताने वापरायची. रंग जास्त चढवला तर कोणताही फोटो कोठेही बसतो, पण माणसे निळी-पिवळी दिसतात, ओळखू येत नाहीत. काम झाल्यावर वहीशी ताळा घ्यावा. वहीत जेवढे संमतीचे अनुक्रमांक तेवढे चित्रात हवेत, एकही कमी नको.

दोन याद्या

संगणक नसला तरी अडत नाही. हाताने करायची रीत तर अधिक सरळ आहे आणि तिच्यात कोणी गळतच नाही.

सगळे फोटो आधी कृष्णधवल करावेत. मग त्यांचे आठ ढीग करायचे, प्रत्येकात १२०. पहिल्यात सगळ्यांत गडद फोटो, आठव्यात सगळ्यांत उजळ, मधले मधल्यात. डोळे बारीक करून पाहिले की फरक लगेच कळतो. मुलांना हे काम फार आवडते.

आता मोठ्या चित्राची एक प्रिंट घ्यावी आणि तिच्यावर ३२ बाय ३० च्या रेघा माराव्यात. आपले बॅनर रंगवणारे पेंटर पूर्वी अशाच चौकटी पाडून छोट्या फोटोवरून मोठा चेहरा काढीत, त्यातलीच ही गोष्ट. सगळ्यांत काळे १२० चौकोन शोधून त्यांत १ लिहावे. सगळ्यांत उजळ १२० चौकोनांत ८ लिहावे. मग त्यानंतरचे काळे २, त्याआधीचे उजळ ७, असे दोन्ही टोकांकडून मध्ये यावे. आठही अंक बरोबर १२० वेळा आले पाहिजेत.

आता १ नंबरच्या ढिगातले फोटो १ नंबरच्या चौकोनांत, २ चे २ मध्ये, असे चिकटवत जावे. दोन्ही याद्या सारख्या लांबीच्या आहेत, म्हणून प्रत्येक फोटोला जागा आहे. यात कोणी नापास होत नाही.

सगळेच फोटो मध्यम छटेचे निघाले तर चेहरा फिका दिसेल. त्यावर उपाय आहे. एका प्रिंटवर एकाच ढिगातले आठ फोटो घ्यावेत, म्हणजे प्रत्येक ढिगाचे १५ प्रिंट होतात. पहिल्या-दुसऱ्या ढिगाचे प्रिंट स्टुडिओवाल्याकडून जरा गडद आणि सातव्या-आठव्याचे जरा उजळ काढून घ्यावेत. चिकटवण्याआधी सगळे फोटो नुसते मांडावेत आणि मोबाईलने त्यांचा एक फोटो काढावा. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर चेहरा दिसला तर भिंतीवरही दिसेल.

गडद फोटो फेकू नका

घरोघरी गेलो की एक वाक्य हमखास ऐकू येते: "हा नको, यात मी फार काळी आली." आमच्या पिढीला स्टुडिओत पावडर लावून बसवत. दोष चेहऱ्याचा नव्हता. रंगीत प्रिंट बरोबर आली की नाही हे ताडून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. 'शर्ली कार्ड' या नावाने ते ओळखले जाते. गोरी कातडी नीट आली म्हणजे रंग बरोबर, अशी मोजपट्टी असल्यावर सावळ्या चेहऱ्याचे काय होणार?

मोझॅकमध्ये गडद फोटोंवाचून पान हलत नाही. डोळ्याची बुबुळे, चष्म्याची काडी, केस, कोट हे सगळे पहिल्या ढिगातून येते. नुसते उजळ फोटो गोळा केले तर मोठ्या चेहऱ्याला डोळेच फुटणार नाहीत. तेव्हा "काळी आली" म्हणून बाजूला काढलेला फोटो आधी मागून घ्यावा आणि तो कोठे लागणार आहे हेही त्या बाईंना सांगावे.

ज्यांचा फोटोच नाही

प्रत्येक घरात असे एक तरी माणूस निघते. आजा मजुरीवर गेला आणि परतला नाही. आजीने आयुष्यभर कॅमेरा पाहिला नाही. त्यांना कसे घ्यायचे?

त्यांचे नाव घ्यावे. साडेतीन बाय साडेचारच्या कागदावर नाव आणि गाव, एवढेच, सुंदर अक्षरात. आता यातली सोय पाहा. कोणताही फोटो कधी अगदी पांढरा किंवा अगदी काळा नसतो. पण नावाचा कागद आपण हवा तसा करू शकतो. पांढऱ्यावर बारीक काळ्या अक्षरात नाव लिहिले तर तो कागद कॉलरला, डोळ्याच्या पांढऱ्या भागाला, चष्म्याच्या काचेवरच्या चमकेला लागतो. काळ्यावर बारीक पांढऱ्या अक्षरात लिहिले तर बुबुळाला. जिथे कोणाचाच फोटो पुरा पडत नाही, तिथे ही नावे बसतात. हे चौकोनही ९६० मध्येच मोजावेत आणि वहीत त्यांनाही अनुक्रमांक द्यावा.

कामाची वाटणी

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला काम सुरू केले तर १४ एप्रिलपर्यंत सहा महिने मिळतात. पाऊस संपलेला असतो, फोटो कोरडे असतात. ऑक्टोबर ते डिसेंबर घरोघरी जाऊन नक्कल आणि वही. धान कापणीचे दिवस असतात, म्हणून संध्याकाळीच जावे. जानेवारीत नावे ताडून पाहणे. म्हाताऱ्यांना विहारात बोलावून अनोळखी चेहऱ्यांची ओळख पटवून घ्यावी. फेब्रुवारीत ढीग आणि चौकटी. मार्चमध्ये परीक्षा असतात, मुलांना मोकळे सोडावे. प्रिंट आणि चिकटवण्याचे काम मोठ्यांनी करावे. डिंक पातळ लावावा, एकेक ओळ वरून खाली उतरत यावे. चित्र उन्हाच्या भिंतीवर लावू नये, रंग उडतो. भिंतीला ओल असेल तर मागे दोन बोटे जागा सोडून टांगावे. सगळ्या नकला दोन वेगळ्या घरी, दोन वेगळ्या पेन ड्राइव्हमध्ये ठेवाव्यात. एक हरवला तर दुसरा आहे.

आणि वही कपाटात बंद करू नये. चित्राच्या बाजूला खिळ्याला टांगावी, दोरीने पेन बांधून ठेवावे. चित्रापुढे उभा राहिलेला एखादा म्हातारा बोट ठेवून म्हणेल, "हा तर वडशाच्या स्टेशनावर काढलेला, आम्ही नागपूरला निघालो होतो, मागं उभा तो माझा भाऊ." त्या वेळी पेन शोधायला कोणाला जावे लागू नये.